अठरा रुपयांचा पहिलवान

पहिलवान म्हातारा झाला की अंग उतरतं आणि किस्से वाढतात. माझ्या कुस्त्या कोणाच्याच लक्षात नाहीत. मी कितीला विकला गेलो, ते मात्र सगळ्या शहाद्याला पाठ आहे!

*

पहिला करार तापीकाठच्या आमच्या गावाशी. कागदबिगद नाही. पाटील आबांनी नारळ फोडला. जत्रेत गावासाठी लढायचं, खुराक गावानं द्यायचा. पहिल्याच जत्रेत मी तिन्ही कुस्त्या हरलो. आबा म्हणाले, "इतला खुराक बैलले दिन्हा ऱ्हाता, ते शर्यत तरी जिंकता!"

*

पुढच्या वर्षी चुकून दोन जिंकलो. लगेच शहाद्याचे कापूस-जिनिंगवाले शेठ आले. "आमच्या नावानं लढा, महिना पंधरा रुपये."

मी छाती काढून म्हणालो, "शेठ, गाव म्हणजे माय! पैशासाठी माय विकू?"

"अठरा."

"कधीपासून येऊ?"

*

मॅनेजरनं तीन वर्षांचा बॉन्ड पुढे केला. न वाचताच ऐटीत सही ठोकली. आत लिहिलं होतं, कुस्ती नसेल त्या दिवशी गठाणीचा कापूस तुडवायचा. वर्षात कुस्त्या चार!

मी चिडलो, "पहिलवानानं कापूस तुडवायचा?"

मॅनेजर म्हणाला, "माणूस तर तुमच्याच्यानं दबत नाही. कापूस तरी दबेल!"

*

पगार वाढावा म्हणून एकदा थाप मारली, "शेठ, नवापूरचे व्यापारी पंचवीस देतात."

शेठ खूश होऊन गुजरातीवर आले. "तो जाओ ने! टांगो मंगावुं?"

नवापुरात मला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. गुमान कापसात जाऊन उभा राहिलो.

*

बॉन्डचं शेवटचं वर्ष. शेठ म्हणाले, "जत्रेत हरलात तर करार संपला." तोवर लग्न झालेलं, घर त्या अठरावरच चालायचं. त्यात जोड लागली आमच्याच गावच्या नव्या पहिलवानाशी! त्यानं दोन मिनिटांत मला आभाळ दाखवलं.

तसाच गावी मायकडे गेलो. ती चुलीपुढे होती.

"माय, मी हारी गऊ. नोकरी गयी."

"माहीत शे. त्याले सकायले दूध मीच दिनं."

"मन्ही माय व्हईसन?"

"गावना पहिलवानले घरोघर पाळीवर दूध देतस. आज आपली पाळी व्हती."

मला रडूच फुटलं. "मंग जराखं पाणी तरी टाकनं व्हतं!"

माय कडाडली, "गावना पहिलवानले पाणी टाकेल दूध देसू का मी?"