काचेवरची वाफ

काचमामांनी काच उचलली की आजूबाजूची माणसंही गप्प होत. मामा तर श्वासच रोखून धरत. तोंडाची वाफ लागली की काच डागाळते, हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. उस्ताद गेले, नियम राहिला. दुकानात मामांची लेक आणि दोन कारागीर. सगळे काच उचलताना पाणबुड्यांसारखे गाल फुगवून चालत.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हाही मामांनी श्वास रोखला. बोलल्या त्या मामी.

"बरे होतील ना?"

"वेळेत सापडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन करू. आशा चांगली आहे."

"मला काच उचलता येईल?" मामांनी विचारलं.

"इथे माझा जीव टांगणीला लागलाय, आणि यांना काच दिसतेय!"

"चांगली काच दिसत नाही गं. तीच तर तिची खुबी."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना उभं केलं. जांघेवर बोटं ठेवली. "खोका."

मामा खोकले.

"उजवी बाजू नाजूक आहे. या ऑपरेशननंतर काही जणांना जांघेत हर्निया होतो. पोटाची भिंत तिथे कच्ची पडते आणि आतडं बाहेर डोकावतं. मी ऑपरेशन करतानाच ती जागाही बांधून घेईन. धोका कमी होईल, पण नाहीसा होणार नाही. उरलेलं काम तुमचं."

"सांगा."

"मी हो म्हणेपर्यंत वजन उचलायचं नाही. सिगारेट बंद. खोकला अंगावर काढायचा नाही. पोट साफ ठेवायचं, जोर करायचा नाही. आणि पुढे कधीही काही उचललंत तरी श्वास कोंडायचा नाही. कोंडला की सगळा दाब तिथेच जातो."

"बाई, एवढं शेवटचं सोडून बोला," मामा म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. गाठ सगळी निघाली. मामा घरी आले आणि मामींच्या राज्यात अडकले. पाण्याची बादली मामी उचलत. सिगारेटचं पाकीट कुठे गेलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मामा संडासात गेले की दाराबाहेरून आवाज येई, "कुंथायचं नाही हं!"

"अगं, शेजारी ऐकतील!"

"ऐकू देत. त्यांच्याही उपयोगाला येईल."

मामा हसत. मग हसू मावळे. हातांकडे बघत बसत. काच न उचलणारा काचमामा म्हणजे कोण, हे त्यांना सुचत नसे.

अशातच कापडवाल्याच्या नव्या दुकानाचं काम आलं. दर्शनी भागात अख्ख्या भिंतीएवढी एकच काच. लेकीने काम घेतलं. मामांना सोबत नेलं ते स्टुलावर बसवायला. मामींची तशी ताकीदच होती.

लेकीने काचेला रबरी पकडी चिकटवल्या. या पकडींना मामा आजवर लहान मुलांची चोखणी म्हणत. लेक आणि दोन्ही कारागीर, तिघांनी गाल फुगवले. काच उठली, चौकटीपाशी आली आणि खालच्या खाचेच्या कडेवर अडली. अजून बोटभर उचलायची होती. लेकीचे खांदे दगडासारखे ताठ झाले.

मामा स्टुलावरून उठले. हात पुढे झाले. सवयीने छाती भरली, श्वास कोंडला. आणि त्यांना जाणवलं. सगळा भार खाली उतरला होता, जांघेत, बरोबर बांधलेल्या जागेवर. काचेला अजून हातही लागला नव्हता.

काच वाचवायची, की बाईंनी बांधलेली भिंत?

मामांनी श्वास सोडला. हात मागे घेतले.

"पोरी, श्वास सोड," ते ओरडले.

लेकीने डोळे वटारले. तोंड मिटलेलंच.

"सोड म्हणतोय ना! तिघंही सोडा. सोडत सोडत उचला. हूऽऽऽ!"

"हूऽऽऽ!" तिघांचा आवाज घुमला. लेकीचे खांदे सैल झाले. काच बोटभर वर गेली, पुढे सरली, खाचेत उतरली. इतक्या अलगद की कुणाला आवाज आला नाही.

काचेवर वाफेचे मोठे ढग उमटले होते.

"बाबा, डाग," लेक म्हणाली.

मामांनी खांद्यावरचं फडकं तिच्याकडे फेकलं. "मग हे कशाला असतं? जन्मभर श्वास कशाला कोंडला आम्ही, कुणास ठाऊक."

पुढे बाईंनी हो म्हटलं. आधी हलक्या काचा, मग मोठ्या. आता मामा पकडी लावतात आणि भर रस्त्यात हूऽऽऽ करतात. येणारे जाणारे थांबून बघतात.

दोन वर्षं उलटल्यावरच्या तपासणीला मामी मुद्दाम सोबत गेल्या. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता. डॉक्टरीणबाईंनी जांघेवर बोटं ठेवली.

"खोका."

मामा खोकले.

"आणखी जोरात."

"बाई, खिडकीची काच फुटेल."

"फुटली तर बसवाल की."

मामा दणदणून खोकले. बोटांखाली काही हललं नाही.

"भिंत पक्की आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी लांब श्वास सोडला. इतका वेळ रोखून धरला होता तो.