तीन नंबरच्या खोलीचा मागचा कोपरा

सिदू मेटकरी माझा विद्यार्थी. मी सोलापूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, तेव्हा सांगोल्याकडच्या एका वाडीवरून तो आला. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. वडील लवकर गेलेले. मेंढरंही मोडायची नाहीत आणि पोराची शाळाही थांबवायची नाही, असं त्याच्या आईनं, मायाक्कानं, ठरवलं होतं आणि ते तिनं निभावलं. सिदू वर्गात मागच्या बाकावर बसायचा, फारसं बोलायचा नाही. पण एखादं मशीन बंद पडलं, की ते का बंद पडलं हे कळेपर्यंत जेवायला जायचा नाही.

आज तो पस्तिशीला आला आहे. कारखान्यांच्या, गोदामांच्या छताला बशीएवढे पांढरे डबे लावलेले असतात, ते बसवण्याचं त्याचं काम. ॲक्सेस पॉइंट म्हणतात त्यांना. लोक त्याला वायफायवाला म्हणतात आणि पासवर्ड मागतात. पण ते डबे मोबाईलवर सिनेमे बघण्यासाठी नसतात. टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठ्यावरची पट्टी हातातल्या स्कॅनरनं वाचली, की त्याच क्षणी ऑफिसात नोंद होते. साखर कारखान्यात काट्यावर चढलेल्या ट्रॅक्टरचं वजन थेट आत जातं. मधे तार नसते, ते सगळं त्या डब्यांवर चालतं. डबा कुठं लावायचा हे ठरवायला सिदू हातात टॅब घेऊन अख्खी इमारत पायी फिरतो, प्रत्येक कोपऱ्यात सिग्नल किती आहे ते लिहून घेतो. त्या कागदाला सर्व्हे म्हणतात. खाली सही त्याची असते.

त्याला या धंद्यात आणलं उदयसिंहनं. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत उदयसिंहचं दुकान आहे. जिल्ह्यातल्या कारखान्यांची अशी कामं तो घेतो. सिदूला त्यानं शिडीवर चढण्यापासून सगळं शिकवलं, पुण्याला ट्रेनिंगला स्वतः नेलं. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

तीन वर्षांपूर्वी शहराबाहेर डाळिंबांसाठी एक नवीन शीतगृह उभं राहिलं. चार मोठ्या खोल्या, जाड पत्र्याच्या भिंती, आत सहा डिग्री थंडी. तिथलं काम उदयसिंहला मिळालं. एकेका खोलीत दोन डबे लागतील असं सिदूचं मत होतं. मालकांनी एकावर भागवायला सांगितलं. मे महिना होता, खोल्या रिकाम्या होत्या. सिदूनं एकेक डबा लावून चारही खोल्या पायाखाली घातल्या, तर कोपऱ्याकोपऱ्यात भरपूर सिग्नल. त्यानं तसं लिहिलं आणि सही केली. लिहिलं ते खरंच होतं.

पण त्याला एक गोष्ट माहीत होती. पाणी असल्या लहरी शोषून घेतं, आणि डाळिंब म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. छतापर्यंत क्रेट लागले, की सिग्नल मागं पोचेल याची खात्री नव्हती. माल भरल्यावर पुन्हा तपासायचं, असं त्यानं स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं. पुढं गळीत हंगामाच्या तोंडावर अकलूजकडची कामं निघाली. उदयसिंह म्हणाला, शीतगृहाची काही तक्रार नाही, उगाच कशाला जायचं? आणि सिदू गेला नाही.

तक्रार मात्र नंतर आली. शीतगृहात शंकरप्पा नावाचा एक हमाल होता, अक्कलकोटकडचा, साठीला टेकलेला. क्रेट रचायचे, उतरवायचे आणि स्कॅनरनं त्यांची नोंद करायची, हे त्याचं काम. तीन नंबरच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात स्कॅनर चालायचा नाही. मग तो दारापर्यंत यायचा, नोंद गेली की परत मागं जायचा. सुपरवायझरला सांगून काही झालं नाही, तेव्हा स्कॅनरवर चिकटवलेल्या नंबरावर त्यानं स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला. तो नंबर सिदूचा. "हिकडं मागं चालेना झालंय की हो," तो म्हणाला. सिदूनं नाव विचारून घेतलं आणि या आठवड्यात येतो म्हणून सांगितलं. तो आठवडा गेला.

फोननंतर अकराव्या दिवशी, जानेवारीत, दुपारी बाराच्या आधी शंकरप्पा तीन नंबरच्या खोलीत एकटा गेला. मागच्या कोपऱ्यातली क्रेटची थप्पी त्याच्या अंगावर आली. कमरेपासून खाली तो अडकला. दार जाड, आतले पंखे मोठ्यानं चालू, हाक बाहेर जाणं शक्य नव्हतं. त्या स्कॅनरवर एक लाल बटण होतं. ते दाबलं की ऑफिसात घंटा वाजायची, कुणीतरी अडचणीत आहे हे कळायचं. त्या दिवशी घंटा वाजली नाही.

त्याची बायको ईरम्मा शेजारच्याच शेडमध्ये डाळिंबं निवडायला होती. जेवायच्या सुट्टीत नवरा आला नाही, तेव्हा ट्रक भरायला लावला असेल असं तिला वाटलं. असं बऱ्याचदा व्हायचं. तीन वाजता चहालाही आला नाही, तेव्हा तिनं सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, असेल दोन नंबरात. ती दोन नंबरात बघून आली. मग तिनं तीन नंबरचं दार ओढलं. तो सापडला तेव्हा शुद्धीवर होता. बाहेर आणताना एवढंच म्हणाला, बटण दाबलो की, कोणच आलं नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तो वारला.

सरकारी चौकशी लागली. शीतगृहाचं म्हणणं असं, की थप्पी त्यानंच वाकडी रचली आणि बटण दाबलंच नाही. दाबलं असतं तर घंटा वाजली असती, कारण सिग्नल सगळीकडे आहे. पुरावा म्हणून त्यांनी सिदूच्या सहीचा सर्व्हे पुढं केला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सव्वातीनला घंटेचे निरोप एकदम आले होते खरे, पण ते त्याला उचलताना कुणाचा तरी हात लागून गेले असतील, असं ते म्हणत होते. स्कॅनर तपासायला उदयसिंहच्या दुकानात आला. सिदूनं तो उघडला.

दोन दिवसांनी तो माझ्या घरी आला. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. चहा समोर तसाच राहिला. त्यानं पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. सिग्नल मिळाला नाही तर निरोप स्कॅनरच्या पोटात साठून राहतो आणि सिग्नल मिळताच सुटतो. पण बटण दाबल्याची वेळ आतल्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते. कागदावर त्या वेळा होत्या. पहिली बारा वाजून सात मिनिटांची. मग मिनिटा-मिनिटानं, मग दहा-दहा मिनिटांनी. शेवटची दोन वाजायच्या जरा आधीची. एकूण तेवीस.

उदयसिंहनं हा कागद पाहिला होता. त्यानं फाड म्हटलं नाही. खोटं बोलू नकोस, पण विचारतील तेवढंच सांग, सर्व्हे तर खराच आहे, असं तो म्हणाला. दुकानात आणखी सहा माणसं कामाला होती, त्यांचाही विचार त्याच्या डोक्यात असणार.

"विचारतील तेवढंच सांगितलं तर मी सुटतोय, मॅडम," सिदू म्हणाला. "मला फोन आल्याचं कुणालाच म्हाईत न्हाय."

मी त्याला काय कर हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो स्वतःच म्हणाला, की चौकशीच्या आधी त्या बाईंना भेटायचंय, तुमी संगं येता का?

अक्कलकोट रोडच्या बाजूला एका वस्तीत ईरम्माची दोन खोल्यांची जागा होती. लेक दाक्षायणी सासरहून आलेली होती. आम्हाला बसायला तिनं सतरंजी टाकली. सिदूनं आपलं नाव सांगितलं आणि लगेच कागद पुढं केला. ईरम्माला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं तोंडानं सांगितलं: तुमच्या मालकांनी बटण दाबलं होतं, पहिल्यापासून दाबत होते, निरोप बाहेर गेला नाही.

तिनं कागद हातात घेतला. मग तिनं विचारलं, "किती येळा?"

"तेवीस."

"इप्पत्तमूरु," ती लेकीकडं वळून कन्नडमध्ये हळूच म्हणाली. लेकीनं पदर तोंडाला लावला. ईरम्मा रडली नाही. शीतगृहाची माणसं तिला सांगून गेली होती, की म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं, झोपला असेल. पंधरा दिवस ती ते ऐकत होती.

मग ती सिदूकडं बघून म्हणाली, "तुला फोन केलं होतं की आमचं माणूस. माझ्यासमोर केलं."

"व्हय."

"मग तू का आलं नाहीस?"

सिदूनं अकलूजचं नाव काढलं नाही, उदयसिंहचंही नाही. खाली बघत तो म्हणाला, "यायला जमलं असतं. मी आलो न्हाय."

 दाक्षायणीनं पाण्याचे पेले आणले. ते पिऊन आम्ही उठलो. ईरम्मा दारापर्यंत आली नाही.

चौकशी शीतगृहाच्या ऑफिसातच झाली. अधिकाऱ्यांनी सर्व्हेबद्दल विचारलं, तेव्हा सिदू म्हणाला की कागद खरा आहे, पण तो रिकाम्या खोलीचा आहे. भरलेल्या खोलीचा सर्व्हे झालेलाच नाही. स्कॅनर आणि त्यातल्या वेळा त्यानं त्यांच्या ताब्यात दिल्या. मग न विचारता फोनचंही सांगितलं, तारखेसकट. अधिकाऱ्यांनी तीन नंबरची खोली उघडायला लावली. माल अजून छतापर्यंत होता. सिदूनं टॅब घेऊन त्यांना मागच्या कोपऱ्यात नेलं. चौथ्या रांगेच्या पुढं टॅबवर काही उरलं नव्हतं.

ईरम्माला भरपाई मंजूर झाली. शीतगृहाला दंड झाला, आणि आत एकट्यानं जायचं नाही असा नियम लागला. उदयसिंहच्या हातून ते काम गेलं, पाठोपाठ आणखी दोन कारखाने गेले. त्यानं सिदूला काढलं नाही. पण दुकानात कुणी सिदूशी बोलेना. महिन्याभरानं तो आपणहून बाहेर पडला. ते वर्ष अवघड गेलं. त्याची बायको दिपाली शिवणकाम करायची, त्यावर घर चाललं. ती मला एकदा म्हणाली, की यांनी केलं ते बरोबरच होतं, पण आमच्या पोरीला ते अजून काही वर्षं कळायचं नाही.

पुढच्या हंगामात शीतगृहाच्या नव्या ठेकेदाराला सिदू स्वतः जाऊन भेटला. माल भरल्यावर मला खोल्या तपासू द्या, एवढंच त्यानं मागितलं. मोबदला नको म्हणाला. जानेवारीत तो दोन दिवस तिथं होता. तीन नंबरच्या खोलीत त्यानं मागच्या बाजूला दुसरा डबा लावला. ईरम्मा त्याच शेडमध्ये कामाला होती; दुसरीकडं जाऊन तरी काय करणार? ती दाराशी येऊन उभी राहिली. आत ये असं सिदू म्हणाला नाही. तीच आत आली, थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तिथं जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. मग हात पुढं केला. सिदूनं तिला स्कॅनर दिला. तिनं बटण दाबलं. ऑफिसातून पोरगी धावत आली. ईरम्मानं स्कॅनर परत दिला आणि काही न बोलता कामावर गेली. हे मला सिदूनं सांगितलं. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं का, असं मी विचारलं. तसं काही माझ्या मनात नव्हतं, असं तो म्हणाला.

आता तो एकट्यानं कामं घेतो. माल भरल्याशिवाय शेवटची सही करायची नाही, हे आधी सांगतो. त्यामुळं काही मालक दुसऱ्याकडं जातात. उदयसिंहनं मागच्या वर्षी एका दूधसंघाच्या कामाला त्याला बोलावलं. सिदू गेला. दोघं कामाचं बोलतात, बाकीचं काढत नाहीत.

आयटीआयमध्ये माझ्या जागी आलेल्या सिद्धेश्वरीनं त्याला गेल्या मार्चमध्ये वर्गासमोर बोलायला बोलावलं. मीही मागं जाऊन बसले. फळ्यावर त्यानं एका खोलीची आकृती काढली, क्रेटच्या रांगा काढल्या आणि लहरी कुठं संपतात ते दाखवलं. शंकरप्पाचं नाव घेतलं नाही, पण झालेलं सगळं सांगितलं, फोनसकट. एका मुलीनं उभं राहून विचारलं, की तुम्हाला काही शिक्षा झाली का?

"न्हाय," तो म्हणाला.  मग त्यानं फडक्यानं फळा पुसला आणि सिद्धेश्वरीला विचारलं, की माढ्याची एसटी इथून किती वाजता आहे. तिथल्या एका गोदामात त्या आठवड्यात माल भरला होता.