शेजारी बसणाऱ्या नर्सबाई
एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांत आमच्या निरवांगीला इंदापूरहून एक नर्सबाई यायच्या. मनानं खचलेल्या माणसाजवळ कसं बसावं, हे त्या आम्हा गावकऱ्यांना देवळात शिकवायच्या. प्रत्येक वाक्यामागं "व्हय का न्हाय?" म्हणायच्या आणि उत्तराआधीच चष्मा काढून डोळे चोळायच्या.

एकदा वर्ग चालू असतानाच देवळाशेजारच्या घरातली सून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसल्याचं कळलं. बाई तिथं गेल्या आणि तिच्याजवळ कठड्यावर टेकल्या.

"जीव द्यावासा वाटतोय का, पोरी?" त्यांनी सरळ विचारलं.

ती रडली, मग बोलत राहिली. उन्हं कलल्यावर बाईंचा हात धरून उठली. तिला नवऱ्यासोबत बारामतीच्या डॉक्टरकडं पाठवून बाई देवळाच्या पायरीवर बसल्या.

"दमलात?" मी विचारलं.

"लई. जरा बसता का हितं? बोलू नका."

मी बसलो.