ज्वालामुखीखाली सापडलेला भारत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की मध्येच हसणाऱ्याला दुसरा चहा मिळत नाही! लोकांचे घोळ कसे असतात? आमटीत दोनदा मीठ पडतं, ट्रेन चुकते, भलत्याच ग्रुपवर मेसेज जातो. मी काय केलं माहितीये? अंटार्क्टिकाच्या वाटेवर, भर समुद्रात, भारत शोधून काढला.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

मी तेव्हा हायडेलबर्गला पीएचडी करत होते. विषय ज्वालामुखी. लगेच तुमच्या डोळ्यांपुढे मी धगधगत्या लाव्ह्याच्या काठावर उभी राहिले असेन, तर ते चित्र पुसा. मी तळघरातल्या लॅबमध्ये दगड फोडायचे. माझा ज्वालामुखी अर्धी पृथ्वी ओलांडून पलीकडे, दक्षिण अटलांटिकमधल्या एका निर्मनुष्य बेटावर. बेट कसलं, पाण्यातून वर आलेला उभा शंकूच तो! माथ्यावर बर्फ, तोंडातून वाफ, पायथ्याशी पेंग्विन, आणि जवळचं गाव बोटीने कित्येक दिवस दूर.

याला म्हणतात स्तरित ज्वालामुखी. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा पातळ होता, निवांत लांबवर पसरला, म्हणून आपले डोंगर कसे पायऱ्यापायऱ्यांचे. हा गडी तापट! एकदा घट्ट लाव्हा ओकणार, मग स्फोट करून राख उडवणार, पुन्हा लाव्हा, पुन्हा राख. थरावर थर. आणि एवढा संताप कशामुळे? तर समुद्रतळाचा एक प्रचंड तुकडा दुसऱ्याच्या खाली सरकतो, खोल गेल्यावर त्यातलं पाणी सुटतं आणि त्या पाण्यामुळे वरचा खडक वितळतो. झालं, भूगोलाचा तास संपला. एवढंच लक्षात ठेवा की या बेटाखाली नुसता समुद्रतळ आहे, जुन्या खंडाची जमीन नाही. सगळी पुस्तकं हेच सांगतात.

आमच्या प्रोफेसर फ्राऊ हार्टविग (फ्राऊ म्हणजे बाई) यांना मात्र ते मान्य नव्हतं. तरुणपणी बाई त्या बेटावर उतरल्या होत्या. बोट लागून उलट्या, वर धुकं, आणि हातात जेमतेम सहा तास. मिळाले तेवढे दगड पिशवीत भरून परतल्या, त्या एक कल्पना डोक्यात घेऊनच. कोणे एके काळी भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका सगळे एकाच खंडात नांदत होते ना, तो गोंडवन खंड फुटला, तेव्हा त्याचा एखादा तुकडा मागे राहून या ज्वालामुखीखाली दबला असणार! आयुष्यभर शोधलं, पुरावा मिळाला नाही. आता वर्षाने त्या निवृत्त होणार होत्या. त्यांनी शेवटचा न फोडलेला दगड माझ्या हातात ठेवला.

"अर्धाच वापरा," म्हणाल्या. "पुन्हा तिथे कोणी जाणार नाही."

आता इकडे आमचे बाबा. भोसरीला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. माझ्या लहानपणी खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण! आदल्या दिवशी कामगार मशीनं रॉकेलने पुसून लख्ख करायचे. सकाळी प्रत्येकाला झेंडूची माळ. बाबा तेलात कालवलेला शेंदूर बोटाने लावायचे, आणि त्या दिवशी एकही मशीन चालवायचं नाही. वर्षभर कानठळ्या बसवणारं ते वर्कशॉप इतकं शांत व्हायचं की बाहेरच्या रिक्षावाल्यांचं बोलणं आत ऐकू यायचं. मी लेथच्या स्टुलावर बसून पेढा खायचे. त्या पेढ्याला वंगणाचा किंचित वास असायचा. इथे जर्मनीत मी कितीतरी ठिकाणचे पेढे खाल्ले, पण तो वास असलेला एकही नाही मिळाला. फार आठवण येते हो.

त्या वर्षी बाबांनी वर्कशॉप विकलं. गुडघे ऐकेनात. खंडेनवमीला मी दुपारी फोन लावला.

"काय करताय बाबा?"

"काय करणार? सवयीने झेंडू आणला दोन किलो. घालू कोणाला? तुझी आई म्हणते मिक्सरला घाला."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्याकडे आहे का गं एखादं मशीन?"

आता सांगा, अशा वेळी कोणती मुलगी नाही म्हणेल?

लॅबमधली सगळी मंडळी मेन्झामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खाणावळीत, जेवायला गेली होती. आईने बॅगेत कोंबलेली शेंदराची डबी दोन वर्षं उघडलीच नव्हती, ती घेऊन मी तळघरात उतरले. आमचं दगड चिरडायचं मशीन म्हणजे दोन पोलादी जबडे. मध्ये दगड टाकायचा, की कडाकडा चुरा! मी ते सकाळीच धुऊन पुसून ठेवलं होतं. फोनचा कॅमेरा धरला तसे बाबा एकदम दहा वर्षांनी तरुण झाले.

"अरे वा! हे तर खडी क्रशरचं पिल्लू! ग्रीस कधी केलं होतंस?"

"करतात इथले लोक, बाबा."

"बरं, स्वस्तिक काढ."

"बाबा! जर्मनीत?"

"हां हां, राहिलं. श्री काढ मग. अगं, बाजूला कुठे काढतेस? काम जबडा करतो. जबड्याला लाव, आतून. भरपूर लाव, कंजूषपणा नको."

लावला. आतून. भरपूर. बाबांनी तिकडून हात जोडले आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मलाही भरून आलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, म्हणून मी कागदाने जबडे खसाखसा पुसले आणि अगदी साळसूदपणे बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दसरा. म्हटलं, याहून चांगला मुहूर्त कुठला? बाईंचा दगड आज फोडू! लॅब सांभाळणाऱ्या फ्राऊ किर्शनर वही घेऊन आल्या.

"मशीन स्वच्छ केलंय?"

"हो, काल धुतलं," मी म्हणाले आणि सही ठोकली. खोटं नव्हतं हो ते! पूजेच्या आधी धुतलंच होतं की.

नोव्हेंबरात निकाल आला. मी आकडे बघितले, पुन्हा बघितले, खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले आणि परत बघितले. दगडातलं शिसं समुद्रतळाचं नव्हतंच! शिशावरून खडकाचं घराणं कळतं, आणि हे घराणं होतं अतिप्राचीन. आलेखावर माझा ठिपका थेट भारतातल्या जुन्या खडकांच्या घोळक्यात जाऊन बसला होता.

मी बाईंकडे धावत गेले. त्यांनी कागद हातात घेतला. चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग शिस्तीच्या, सगळ्यांना आडनावाने हाक मारणाऱ्या आमच्या बाईंनी मला चक्क मिठी मारली!

पुढचे तीन आठवडे काय वर्णू! बाई कॉरिडॉरमधून शीळ घालत जायच्या. निवृत्तीआधीच्या त्यांच्या शेवटच्या परिषदेत हाच शोध मांडायचा, असं ठरलं. सारांश पाठवायची मुदत सोमवार दुपारची. आणि मी? मी तर हवेतच! नेकर नदीच्या काठाने चालताना मला वाटायचं, बघा, आपण जिथे जातो तिथे आपला देश जमिनीखालून येऊन भेटतो. डोळ्यांत पाणी यायचं माझ्या, खोटं नाही सांगत.

रविवारी बाबांना फोन करून ही बातमी दिली. "बाबा, ज्वालामुखीखाली भारत सापडला! दगडात आपल्याकडचं शिसं निघालं."

"वा वा!" मग बाबा म्हणाले, "शिसं म्हटल्यावर आठवलं. त्या दिवशी हात धुतलेस ना गं? आमच्याकडे एकदा तपासणीला साहेब आले होते, ते सांगून गेले, शेंदरात शिसं असतं. तेव्हापासून मी पोरांना हात धुतल्याशिवाय पेढा देत नव्हतो."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हे मला माहीत नव्हतं का? बीएस्सीच्या पेपरात लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते! आणि माझ्या दगडात स्वतःचं शिसं इतकं नगण्य, की भारतातल्याच खाणींतल्या शिशाच्या चिमूटभर शेंदरानेही त्याला सहज गिळून टाकावं. मी तर लावला होता भरपूर. आतून.

सोमवारी सकाळी फ्राऊ किर्शनरनी जबडे खोलले, टॉर्च मारला. खाचेत भगवी रेघ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीतल्या माझ्या सहीकडे बघितलं आणि टॉर्च बंद केला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईंच्या दारापर्यंत जायला मला पाऊण तास लागला. जिना दोन मजल्यांचा आहे. माझी पीएचडी जाईल याची भीती होतीच, पण खरं सांगू? त्यांची शीळ बंद होईल, याची भीती जास्त होती.

सगळं सांगितलं. बाबा, झेंडू, जबडा, शेंदूर, सगळं. बाई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना पूजा आवडली?"

"हो."

"गूट." म्हणजे छान. "आणि मी तीन आठवडे इतकी आनंदात होते की माझ्या नवऱ्याने मला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं. चाळीस वर्षं जो तुकडा शोधला, तो तीन आठवडे तरी माझ्याकडे होता. चालेल. उरलेला अर्धा दगड फोडा."

(फोडला. निव्वळ समुद्रतळ निघाला, पुस्तकात लिहिलंय तसा.)

मी रडत रडत माफी मागितली आणि उठले. दाराशी पोचले तर बाईंनी हाक मारली.

"एक प्रश्न राहिला. तुम्ही इतक्या हुशार. दगडात अचानक भारत दिसला. या अख्ख्या इमारतीत भारतातून आलेलं माणूस एकच." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे रोखून बघितलं. "समुद्राखाली शोधायला जाण्याआधी, निदान एकदा तरी आरशात बघावंसं नाही वाटलं?"