तीग म्हणजे वेल

माझे सासरे निवृत्ती, म्हणजे आमचे नाना, दूधवाल्यावर संशय घेतात, गॅसवाल्यावर घेतात, आणि सुनेवर तर घ्यायलाच हवा असं त्यांचं मत आहे. इथे तेलुगू मुलखात, तारनाक्याच्या आमच्या घराचं फाटक वाजलं की ते आधी पडदा बोटभर सारून बघतात. फाटकावरचा दिवा त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः लावला, कोण आलंय ते आतून दिसावं म्हणून. वायरमन बोलावला नाही, कारण तो काम करता करता घर बघून जातो. व्हरांड्यातल्या दिव्यावरून वायर घेतली आणि जुईच्या लोखंडी जाळीवरून फाटकापर्यंत नेली.

जुई माझ्या सासूबाईंची, भागूबाईंची. रोप त्यांनी नांदेडहून आणलं होतं. तीन वर्षांपूर्वी किडनीच्या आजारानं त्या गेल्या. तेव्हापासून नाना सकाळी फिरून आले की जुईला स्वतः पाणी घालतात. मला झारीला हात लावू देत नाहीत. मी मुद्दाम जास्त घालीन, असा संशय.

यंदा बुद्धपौर्णिमेला अंगणात आणखी तीन दिवे हवेत असं मी ठरवलं आणि यादगिरी नावाच्या वायरमनला बोलावलं. तो सकाळीच आला. नवे दिवे जुन्या लाइनवरूनच घ्यायचे होते, म्हणून जुनी वायर कशी गेलीय ते बघायला त्यानं जुईत डोकं घातलं. बाहेर आला, दुकानात फोन लावला आणि तेलुगूत म्हणाला, "पात तीग मोत्तम तीसेयाली."

नानांचा पेपर खाली आला.

त्यांना तेलुगू येतं ते भाजीवालीकडून आलेलं. ती मयाळूला तीग बच्चली म्हणते, म्हणजे वेलीची भाजी. पात म्हणजे जुनी, मोत्तम म्हणजे सगळी, तीसेयाली म्हणजे काढून टाकायची. जुनी वेल सगळी काढून टाकायची.

"दिव्याचं निमित्त आहे होय?" ते मला म्हणाले. "वेल तोडायचं कधी ठरलं? गौतमलाबी ठाऊक आहे का?" गौतम म्हणजे माझा नवरा.

"नाना, वेलीला कुणी हात लावत नाही."

"मला तेलुगू कळतं, प्रणिता."

खुर्ची उचलून ते जुईसमोर मांडून बसले. चहालाही उठेनात. मला राग आला, खरं सांगते. बारा वर्षं मी या माणसाच्या औषधांच्या वेळा सांभाळतेय, आणि मी त्यांच्या बायकोची वेल तोडायला माणूस आणीन?

यादगिरी समजावायला गेला. "साब, बेल भी तीग, वायर भी तीग. मैं वायर का बोला. बेल को कौन हात लगारा?"

"आता बात बदलतोय," नाना मला म्हणाले.

यादगिरीनं वाद घातला नाही. त्यानं फाटकावरचा दिवा लावला आणि जुईच्या जाळीला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. दिवा बंद केला, टेस्टर विझला.

"टेस्टर खराब आहे," म्हणत नानांनी आतून स्वतःचा आणला. तोही पेटला.

मग मेन बंद करून यादगिरीनं पानं बाजूला केली. आत वायरचा जोड होता, नानांनीच पिळून केलेला, वर चिकटपट्टी. पट्टी सुकून उकलली होती. नानांनी सकाळी घातलेल्या पाण्यानं पानं अजून ओली होती.

"पानी पडा, दिवा चालू रहा, तो थोडा थोडा करंट जाली में आता," तो म्हणाला. "सुबे दिवा बंद रैता, इसलिए आपको नै लगा. शाम को पानी डालनेवाले को लगता."

"कब से है ये?" नानांनी विचारलं.

"बहोत साल हुए साब."

आता नाना म्हणणार, पट्टी यानंच उकलली, अशी मी वाट बघत होते. पण नाना बोलले ते वेगळंच.

"भागू संध्याकाळी पाणी घालायची."

ते मलाही आठवत होतं. सासूबाई कामावरून यायच्या, फाटकाचा दिवा लावायच्या, झारी घ्यायच्या. मग बोटं चोळत आत येऊन म्हणायच्या, जुई चावते मला. आम्ही हसायचो. मीसुद्धा हसले आहे, आणि त्याची मला आज लाज वाटते.

"मी तिला सोंगाडी म्हन्लं," नाना म्हणाले. "लई वेळा म्हन्लं."

मग ते उठले आणि खुर्ची स्वतःच बाजूला केली. यादगिरीनं वेलीची एकही फांदी न मोडता जुनी वायर तुकडे करून ओढून काढली. नवी केबल पाइपातून मातीखालून नेली, तिला अर्थिंग दिलं. नाना दिवसभर शेजारी उभे राहून त्याला पक्कड, टेप देत होते.

संध्याकाळी सगळे दिवे लागले. नानांनी झारी भरली आणि जुईला पाणी घातलं. ओल्या जाळीवर पंजा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आता नाही चावत," ते म्हणाले. मी मागेच उभी होते, पण ते माझ्याशी बोलत नव्हते.