मादामना चूक हवी असायची

आमच्या डोंबिवलीच्या मादामना फ्रेंच व्याकरणाचा प्रश्न विचारला, की त्या लगेच उत्तर देत नसत. "आधी एक चुकीचं वाक्य बोल. मोठ्यानं." चूक कानावर पडली की चेहरा खुलायचा. "हं, आता दुखतंय कुठे ते कळलं," म्हणायच्या आणि मगच खडू उचलायच्या.

प्रश्न तेच तेच असत. टिटवाळ्याहून येणारी, कॅनडाला निघालेली नर्स विचारी, फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी का? "खुर्ची ती नि पलंग तो, हे तुला कुणी समजावलं होतं गं?" शेवटची अक्षरं लिहून उच्चारायची का नाहीत, यावर म्हणाल्या, "आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ये. हजर सगळे, बोलतात दोघंच." वर्ग हसायचा. मात्र चुकणाऱ्याला कुणी हसलं तर त्याची रवानगी गॅलरीत, मग तो चाळिशीचा बँकवाला का असेना. मीही तिथे उभी राहिले आहे, खाली ओळखीचा भाजीवाला बघत असताना.

पुढे मी त्यांच्याच घरी लहान मुलांची बॅच घेऊ लागले. त्यांचा मुलगा मॉन्ट्रियलला. नात रेवा तिथेच वाढलेली, बोलायची फ्रेंच, मराठीचा गंध नाही. मादामनी फ्रान्स कधी पाहिला नव्हता. पण नातीशी आपल्याला बोलता येतं, याचं त्यांना कोण अप्रूप! रविवारी साडी बदलून फोनसमोर बसायच्या.

एका रविवारी रेवा खो खो हसली. "आजी, असं कुणीच बोलत नाही! पुस्तकातल्या बाईसारखं बोलतेस." लहान पोर, मनात काही नव्हतं. मादामही हसल्या. पण त्यानंतर त्या रेवाला नुसता हात करत, मुलाशी मराठीत बोलत आणि फोन ठेवून देत.

मी चिडले. "आम्हाला चुकायला लावता, आणि स्वतः?"

"तुमची गोष्ट वेगळी गं. तिला माझी लाज वाटली तर मी कुठे जाऊ?"

मग दुपारी क्लास नसला की त्या मोबाईलवर तिकडच्या लोकांचं बोलणं ऐकत आणि तसंच म्हणून बघत. "बोलेन, जरा जीभ वळू दे." जीभ वळायच्या आतच साध्या तापाचं निमित्त झालं आणि मादाम गेल्या.

मुलगा रेवाला घेऊन आला. सगळे बाहेर बसले असताना ती क्लासच्या खोलीत माझ्याजवळ आली आणि फ्रेंचमध्ये विचारलं, "मी हसले म्हणून आजी बोलायची थांबली?"

मी म्हटलं, "नाही गं, ती रोज तुझ्यासाठी बोलायचा सराव करायची."

"काय म्हणायची?"

"'आज शाळेत काय केलंस?'"

रेवा फळ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "हे तर मला तसंही कळलं असतं."