धनंजयच्या खुर्चीतून आलेलं ‘उडवली’

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगते. मी जावात कोड लिहिते, माझा विश्वास फक्त लॉगवर, म्हणजे मशीननं स्वतः ठेवलेल्या नोंदींवर... आणि इथं लॉगनंच मला तोंडघशी पाडलं.

नागपूरच्या मिहानमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही शिष्यवृत्ती परीक्षेचं पोर्टल सांभाळतो. केंद्रांची यादी माझ्याकडे, हॉल तिकीट धनंजयकडे. पान पटकन उघडावं म्हणून त्याचा भाग माझ्या यादीची एक प्रत जवळ ठेवतो, तीच कॅशे. यादी बदलली की ती जुनी प्रत उडवावी लागते. हे आपोआप व्हावं असा कोड लिहायचा आम्हा दोघांनाही कंटाळा. म्हणून पद्धत अशी, की मी जागेवरून ओरडायचं, "उडव गा!" आणि त्यानं बटन दाबून म्हणायचं, "उडवली वं, ताई."

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास एक केंद्र सदरहून महालात हललं. मी यादी बदलली, स्क्रीनवरून नजर न काढता सवयीनं ओरडले.

"उडवली वं, ताई."

मी निवांत चहाला गेले.

चहाच्या मशीनवर धनंजयच्या लग्नाची पत्रिका चिकटवलेली. हळद... आजच. म्हणजे हा चंद्रपुरात! ते बटन फक्त त्याच्या लॉगिनला. माझी भाची रूपाली गोंदियाहून एकटी त्याच केंद्रावर परीक्षेला येणार होती. तिकिटावर सदर छापलं असतं, तर पोरीची वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती.

फोन लावला.

"ताई, हळदीले बसून राहिलो. आई कानाले फोन धरून राहिली. काहून?"

"तू आत्ता कॅशे उडवली का?"

"मी? कोपरापर्यंत पिवळा झालो वं."

धावत जागेवर आले, रूपालीचं तिकीट उघडलं. महाल. लॉगमध्ये चार वाजून दहा मिनिटं, धनंजयचं लॉगिन, त्याचंच मशीन. आणि मशीन बंद, वर कापडी कव्हर. शेजारची सीमा म्हणाली, "आवाज त मीही ऐकला. मले वाटलं, आला असंल."

रूपाली वेळेत पोचली, पासही झाली. पेढे मी धनंजयच्या टेबलावर ठेवले — नेमके कुणासाठी, ते मात्र ठरवलं नाही.

त्याआधीच, लग्नाहून परतल्या परतल्या धनंजयनं तो राहिलेला कोड लिहून टाकला होता. आता प्रत आपोआप उडते. तो लॉग मी जपून ठेवलाय, चार जाणकारांना दाखवूनही झाला. धनंजय सुट्टीवर असला की मी अजूनही हळूच म्हणते, "उडव गा."

उत्तर येत नाही. खरं सांगू, थोडं वाईटच वाटतं.